माया सोडून काढलेली रेघ

शाळेच्या दप्तरी त्यांचं नाव काहीही असो, मुलं त्यांना पुसूबाई म्हणत. चित्रकलेच्या तासाला वर्गातली सगळी तोंडं आळीपाळीने एकच प्रश्न विचारत, "बाई, पुसू?" आणि बाईंचं उत्तरही ठरलेलं, "नको पुसू. बघ त्याचं काय होतंय ते." मग घोड्याला चुकून फुटलेला पाचवा पाय झाडाचं खोड होई, आभाळात सांडलेला जांभळा थेंब कुणाची तरी छत्री होई. खोडरबराला त्या वर्गात थारा नव्हता. कुणाच्या कंपासपेटीत तो सापडलाच तर बाई जप्त करत नसत. हातात घेऊन वास घेत, "वा, छान आहे हं," म्हणत आणि पाहुणा म्हणून टेबलाच्या खणात ठेवून घेत. पाहुणा सहसा परत जात नसे.

वर्ग व्हरांड्याच्या टोकाला होता. पूर्वी तिथे खेळाचं सामान ठेवत, त्यामुळे पावडर रंगांच्या आणि खळीच्या वासाखाली अजून एक शिळा वास होता, चामड्याचा आणि हवा गेलेल्या चेंडूंचा. खळ बाई घरी शिजवून आणत. पीठ, पाणी, कीड लागू नये म्हणून दोन लवंगा, आणि मंद आचेवर सतत ढवळणं. त्यांची थोरली बहीण अक्का खुर्चीत बसून हे रोज बघे. दोघी बहिणीच त्या घरात राहत.

"शाळेला चिकटवायला पीठ आहे," अक्का म्हणे, "माझ्या पानात वाढायला नाही."

"तुला चिकटवून ठेवायची गरज नाही अक्का. तू हलतेस कुठे."

नोकरीला लागल्यावर बाईंनी हट्टाने एकच गोष्ट मागून घेतली होती: वर्गाची एक अख्खी भिंत. ती जमिनीपासून पार हात पुरेल तिथपर्यंत काळी करून घेतली आणि पांढऱ्या ऑइलपेंटच्या उभ्या पट्ट्यांनी तिचे खण पाडले. वर्षातून एकदा त्या भिंतीवर ‘माझ्याएवढा मी’ व्हायचं. मुलाने भिंतीला पाठ लावून, हात अंगापासून जरा दूर धरून उभं राहायचं आणि बाईंनी त्याच्या भोवतीने खडू फिरवायचा, पायाच्या टाचेपासून सुरू करून डोक्यावरून दुसऱ्या टाचेपर्यंत. हे काम शनिवारी. मग सोमवारी मुलांनी आपापल्या रेघेच्या आत काय हवं ते भरायचं. बाहेरची रेघ बाईंची, आतलं सगळं मुलांचं, असा करार होता. कुणी पोटात डबा काढी, कुणी गुडघ्यात उंदीर. एका पोरीने छातीत कुलूप काढलं होतं आणि किल्ली शेजारणीच्या खणात, त्यावरून दोघींचं भांडण झालं. नाकडोळे मात्र सगळ्यांत शेवटी. "आधी आत कोण आहे ते कळू दे," बाई म्हणत, "मग तोंड देऊ."

त्या वर्षी खिडकीजवळचा शेवटचा खण घोगरीचा होता.

घोगरी म्हणजे घोगऱ्या आवाजाची. सहा वर्षांची पोर, पण बोलायला लागली की पानपट्टीवरचा म्हातारा बोलतोय असं वाटे. तिची आई शिवणकाम करायची. बाजारामागच्या गल्लीत, एका जिन्याखालच्या खोलीत तिचं मशीन होतं. दर शुक्रवारी घोगरी चिकटकामासाठी चिंध्यांची पिशवी आणी. "आईने सांगितलंय, मखमल जपून वापरा," असं बजावून ती पिशवी टेबलावर आपटे.

त्या शनिवारी ती भिंतीला टेकून उभी राहिली तेव्हा अगदी शहाण्यासारखी उभी होती. खडू घोट्यावरून, मांडीवरून, डाव्या हाताच्या बोटांमधून फिरून वर आला आणि काखेशी पोचला मात्र, ती खुदकन हसली आणि अंग चोरलं. रेघेला तिथे एक वेडावाकडा बाक आला.

"बाई, पुसू?" तिने मान वळवून विचारलं.

"नको पुसू. सोमवारी बघू त्याचं काय होतंय."

सोमवारी ती आली नाही. त्या आठवड्यात आलीच नाही. ताप डोक्यात गेला, पोर गेली, असं शिपाई मामांनी सांगितलं, आणि सांगून झाल्यावर ते बराच वेळ दाराची कडी नुसती वरखाली करत राहिले.

भिंतीवर बाकीचे खण भरून गेले होते. रेल्वे, मासे, भाऊ, कपाटं, एकाच्या पोटात तर अख्खी आजी. खिडकीजवळ मात्र एक रेघ आणि आत काळं.

बाईंनी मामांना सांगून ठेवलं, ओलं फडकं त्या खणाला लावायचं नाही. मामा म्हणाले, "मी कशाला लावतोय. मी तर तिकडून झाडूसुद्धा लांबून फिरवतो."

महिन्याभराने, शुक्रवारी, शाळा सुटल्यावर घोगरीची आई आली. हातात चिंध्यांची पिशवी होती. सवयीने भरली गेली असावी. तिने ती टेबलावर ठेवली. आपटली नाही. मग कुणी न दाखवताच ती खिडकीकडे गेली.

"ही तिची?"

"हो."

"आत काहीच नाही."

"सोमवारी भरणार होती."

"काय भरणार होती?"

बाईंना ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं शनिवारी रेघ काढून त्या मुलांना घरी पाठवत आल्या होत्या, कधी कुणाला विचारलं नव्हतं, तू काय काढणार आहेस. विचारलं की मुलं बाईंना आवडेल तेच काढतात, म्हणून. "तिने सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. हे उत्तर देतानाच त्यांना कळलं की हे आता कायमचं झालं.

आई बाकावर बसली. लहान मुलांचा बाक, गुडघे हनुवटीपर्यंत आले. थोड्या वेळाने उठून म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी येईन. चालेल ना?"

तेवढ्यासाठी ती रेघ राहायला हवी होती.

पण खडू तो खडूच. खिडकीतून वारा येई, पोरांच्या बाह्या घासत, दप्तरं टेकत. पहिल्यांदा गुडघा गेला, मग कोपर पुसट झालं. पुढच्या गुरुवारी, शाळा सुटल्यावर, बाईंनी दार लोटून घेतलं आणि खडू उचलला. मूळ रेघेवरून हात चालवायचा धीर होईना. ती रेघ घोगरीच्या अंगाला लागून गेलेली, तिच्यावर नुसतं बोट फिरवणंही त्यांना नको वाटलं. म्हणून त्यांनी नवी रेघ जुनीच्या बाहेरून, तिला अगदी चिकटून काढली. खडू कुरकुरला. रिकाम्या वर्गात तो आवाज कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आला आणि बाईंनी मागे वळून पाहिलं.

मग ते दर गुरुवारचं होऊन बसलं. टाचेपासून टाचेपर्यंत. कधी कधी त्या पुटपुटत, "हात घे बघू बाजूला," आणि आपण काय बोललो ते कानावर आलं की गप्प होत. ऊन खिडकीतून सरकू लागलं की भिंतीवरची बाकीची पोरं हळूहळू मावळत, त्यांच्या पोटातल्या रेल्वे आणि आज्या आधी करड्या आणि मग दिसेनाशा होत. घोगरीचा खण मात्र सगळ्यांत आधी काळा होई, आणि त्या काळ्याला खोली आहे असं वाटे. पाणी नसलेल्या विहिरीत वाकून बघावं आणि वाकणाऱ्याचंच डोकं हलकं व्हावं, तसं. बाई जवळ उभ्या राहत तेव्हा त्यांच्या पुढच्या बाजूला उगाच गारवा लागे. त्या आपली बाही ओढून घेत आणि काम पुरं करत.

आई दर शुक्रवारी येत राहिली. बसे, बघे, जाई. दोघींचं बोलणं चिंध्यांपुरतं.

आणि एके दिवशी ती बाकावर न बसता भिंतीशी उभी राहिली. आपला पंजा रेघेच्या खांद्याशी नेला, भिंतीला न लावता, आणि म्हणाली, "वाढलीय हो ही."

बाईंच्या हातातला ब्रश कपात पडला.

"खांदा बाहेर आलाय. उंचीलाही चढलीय बोटभर." ती हसली नाही, रडलीही नाही. नवं कापड पाहिल्यासारखी बघत राहिली. "या वयात पोरी अशाच भराभर वाढतात."

ती गेल्यावर बाईंनी पहिल्यांदा ती रेघ परकी म्हणून पाहिली. खरंच वाढली होती. दर गुरुवारी खडूच्या जाडीएवढी. आतल्या जुन्या रेघा कधीच झडून गेल्या होत्या, उरली होती फक्त सगळ्यांत बाहेरची, बाईंच्या हातची, गुळगुळीत, सराईत. त्यांनी डाव्या काखेशी वाकून पाहिलं. तिथला तो बाक नव्हता. दर वेळी थोडा थोडा सरळ होत तो केव्हाच गेला होता. घोगरी हसली होती ती जागा बाईंनी स्वतःच्या हाताने नीट करून टाकली होती. उभ्या जन्मात कुणाची चूक पुसली नाही, असं ज्यांचं नाव, त्यांनी.

त्या रात्री जेवताना अक्का म्हणाली, "हल्ली गुरुवारचा उशीर होतो. बाहीला खडू, केसांत खडू. या वयात कोण भेटलंय सांगून टाक."

"एक मुलगी आहे."

"शिकवणी का?"

"तसंच."

"प्रगती आहे का काही?"

"वाढतेय," बाई म्हणाल्या आणि ताट उचलून उठल्या.

त्या गुरुवारी त्या वर्गात थांबल्या नाहीत. रेघ विटू दे, असं त्यांनी ठरवलं होतं. शुक्रवारी आई आली ती पिशवीतून एक फ्रॉक काढतच. निळा, बारीक टिपक्यांचा, गळ्याला पांढरी पट्टी. तिने तो दोन्ही खांद्यांना चिमटीत धरून भिंतीवरच्या रेघेशी लावला. खांद्याला खांदा आला. कमरेशी कंबर आली. खिडकीतून वारा आला आणि फ्रॉकचा घेर हलला, तेव्हा रेघेच्या आत कुणीतरी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार दिल्यासारखं दिसलं.

"बसला," आई म्हणाली. "मापाशिवाय शिवला, नुसत्या अंदाजाने."

आपण एका बाईला वेड लावतो आहोत, असं पुसूबाईंच्या मनाने घेतलं. पुढचे काही दिवस त्या वर्गात तोंडाने रंगांची नावं सांगत आणि डोळ्यांनी तो खण टाळत. खिडकीजवळच्या बाकावरची पोरं तिथून उठवून त्यांनी दुसरीकडे बसवली. "तिथे कोण बसणारे?" एकाने विचारलं. "कुणी नाही," बाई म्हणाल्या, जरा जोरातच, आणि सगळा वर्ग त्या रिकाम्या बाकाकडे बघू लागला.

त्यांना एकच उपाय सुचला. गुरुवारी त्यांनी ओलं फडकं घेतलं. बाहेरची रेघ पुसली आणि मुलांच्या उंच्या ज्या पट्टीवर मोजत तिच्या आधाराने, आठवणीने, आतून रेघ काढली. घोगरीएवढी घोगरी. काखेशी तो बाक काढायला खडू टेकवला. एकदा काढला, तो खोटा दिसला. पुसला. पुन्हा काढला, तो आणखी खोटा. हसून अंग चोरणाऱ्या पोरीची रेघ न हसणाऱ्या हाताला येईना. शेवटी तिथे त्यांनी रेघ तुटकीच ठेवली. फडक्याचं पाणी खणावरून ओघळून खाली गेलं होतं. ते वाळेपर्यंत त्या बघत बसल्या.

शुक्रवारी आईने पिशवीतून तोच फ्रॉक काढला, भिंतीला लावला आणि तिचे हात तसेच थांबले. फ्रॉक दोन्ही बाजूंनी रेघेच्या बाहेर लोंबत होता.

"वाळली," ती हळूच म्हणाली. "जेवत नाही का ही?"

बाई त्या छोट्या बाकावर बसल्या. "अहो, ती रेघ मी काढते," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी. जुनी पुसट व्हायची म्हणून मी तिच्या बाहेरून काढत गेले. ती वाढत नव्हती. माझा हात बाहेर बाहेर जात होता. काल मी ती पुसली आणि आतून काढली. ही तिची नाही. आता तिची अशी भिंतीवर काहीच राहिली नाही. तुमची रेघ मी घालवली."

आईने फ्रॉकची घडी घातली. घाईने नव्हे, शिवणाऱ्या बायका घालतात तशी, बाह्या आत घेऊन.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या खेपेपासूनच. बाई, माझं सगळं आयुष्य कापडावर खडूने रेघा मारण्यात गेलं. लहान पोरीचा फ्रॉक बेतताना आम्ही अंगाच्या रेघेबाहेर दुसरी रेघ मारतो. तेवढं कापड शिवणीच्या आत दडवून ठेवायचं. पोर वाढली की उसवायचं आणि सैल करायचं. त्याला माया म्हणतात." तिने भिंतीकडे पाहिलं. "तुम्ही माया सोडून काढत होता. ते मला कळणार नाही तर कुणाला."

"मग फ्रॉक कशाला शिवलात?"

"तुम्ही वाढवत होता, मी शिवत होते."

बाहेर मामा बादल्या रचत होते, त्यांचा एकावर एक आवाज आला. बाई म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला खरंच वाटतंय."

"मला वाटलं, तुम्हाला वाटतंय. म्हणून मी यायचं सोडलं नाही. म्हटलं, ही बाई एकटी त्या भिंतीपाशी बसून काय करून घेईल." मग, "आणि मलाही वाटायचं की. गुरुवारी मशीनवर बसले की वाटायचं, आत्ता तिकडे तिला उभी केली असेल. हात बाजूला घे म्हणून सांगितलं असेल."

बाईंनी बाहीवरचा खडू झटकला.

"पण माया कितीशी असते?" आई म्हणाली. "दोनदा उसवली, तीनदा उसवली की संपते. पुढे नवं कापड लागतं. ते आता आणायचं कुठून."

"या फ्रॉकचं काय करणार?"

"याचं? हा जाईल कुणालाही. आठ वर्षांची कुठलीही पोर घालेल. मी काय वेडी आहे का, इतकं चांगलं कापड पेटीत घालायला."

बाईंना हसू आलं आणि त्याची लाज वाटली. आई मात्र खरंच किंचित हसली होती. मग तिने चपला काढल्या, खणाशी गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिच्यामागे तिच्या लेकीची ती वाळकी रेघ पूर्ण झाकून गेली.

"मला काढा," ती म्हणाली.

"तुम्हाला?"

"मी आहे ना. मी पुसट होईपर्यंत वेळ आहे."

पुसूबाईंनी नवा खडू मोडला. टाचेपासून सुरुवात केली. घोट्याजवळ सुईचा जुना व्रण होता, गुडघ्याशी कापडाचं सूत चिकटलेलं होतं. खडू बोटांमधून फिरला, मनगटावरून वर आला. आई समोर बघत होती, चेहरा दगडासारखा. खडू डाव्या काखेशी पोचला आणि तिचं सगळं अंग एकदम आक्रसलं. घशातून एक घोगरा, आखडता आवाज निघाला, आणि रेघेला बाक आला.

दोघीही थांबल्या.

"आमच्या घरात सगळ्यांनाच तिथे गुदगुल्या होतात," आई म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती, कारण हात अंगापासून दूर धरायचे होते. "पुसायचं का ते?"

"नको," बाई म्हणाल्या. "राहू दे."

ती बाजूला झाली तेव्हा खणात दोन रेघा होत्या, एक मोठी आणि तिच्या आत एक लहान, आणि दोन्हींच्या आत काळं. मोठीच्या काखेत तो बाक. आईने तो बराच वेळ पाहिला, फ्रॉक पिशवीत ठेवला आणि चपला घालून गेली. त्यानंतर चिंध्यांची पिशवी येत राहिली, कधी शेजारच्या पोराबरोबर, कधी मामांबरोबर. ती स्वतः आली नाही.

पुढच्या गुरुवारी बाई शाळा सुटताच घरी गेल्या. वाटेत दोनदा त्यांचे पाय परत वळू पाहत होते. अक्काने दार उघडलं आणि म्हणाली, "शिकवणी सुटली वाटतं." "सुटली," बाई म्हणाल्या आणि खळ शिजत टाकली.

खिडकीजवळच्या बाकावर त्यांनी मुलांना पुन्हा बसू दिलं. बाह्या घासल्या, दप्तरं टेकली, कुणीतरी पाठ खाजवून घेतली. आतली लहान रेघ आधी गेली. मग मोठीचे पाय गेले, कंबर गेली. काखेतला बाक पुष्कळ दिवस तग धरून होता, मग एका सकाळी तोही दिसला नाही. बाईंनी रोज पाहिलं आणि खडूला हात लावला नाही. हे त्यांना फार जड गेलं. कधी शाळा सुटल्यावर दार लोटताना आतून खडू कुरकुरल्यासारखा आवाज येई. त्या उंबऱ्याशी थांबून ऐकत. आत जात नसत.

वर्ष संपता संपता त्या खणात एवढंच उरलं होतं: पोरांचे हात पोचत नाहीत तिथे, वर, आईच्या डोक्यावरून गेलेली एक कमान. खाली सगळं काळं.

नव्या वर्षाची मुलं आली. त्यांतली एक, दात पडलेली, टाचा उंचावून कमानीकडे बघत होती.

"बाई, हे काय आहे?"

पुसूबाई तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"डोंगर आहे?" पोर म्हणाली. "का पूल? बाई, अर्धवट आहे हे. पुसू?"

बाईंनी खुर्ची ओढून भिंतीशी लावली आणि तिला वर चढवलं. खाली पडू नये म्हणून दोन्ही हातांनी तिची कंबर धरली. पोर ऊबदार होती, जड होती आणि चुळबुळत होती. बाईंनी तिच्या हातात खडू दिला.

"काय काढणार आहेस?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आजवर कुणालाच विचारला नव्हता. "आधी सांग मला. मग काढ."